निशाचा आराखडा

आप्पासाहेब ठोंबऱ्यांनी आयुष्यात एकसष्ट लग्नं जमवली. हा आकडा ते स्वतःच सांगत, आणि कुणी भुवई वर केली तर बिडकीनपासून फुलंब्रीपर्यंतची जोडपी नावानिशी म्हणून दाखवत. मुलगी बघायला पाहुणे यायचे असले की लोक आधी आप्पांना बोलावून आणत. आप्पा आदल्या दिवशी येत, घर बघत, मुलगी बघत आणि हुकूम सोडत. चष्मा काढून ठेवा. थोरल्या काकाला मळ्यात पाठवा, तो फार बोलतो. पाहुण्यांनी काही विचारलं की एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी माना हलवायच्या. "खोटं बोलायचं नाय," ते म्हणत, "पण खरं सांगायची घाई बी करायची नाय."

आता सत्तरी ओलांडल्यावर ते बिडकीन सोडून मुकुंदवाडीत मुलाकडे राहायला आले होते. मुलगा सर्जेराव शेंद्र्याला एका कंपनीत होता, दर आठवड्याला पाळी बदलणारा. सून मोनिका घर सांभाळून शिलाईची कामं करायची. आणि नात निशा, नऊ वर्षांची, जिच्यावर आप्पांचा इतका जीव होता की गल्लीतली पोरं त्यांना 'निशाचे आप्पा' म्हणूनच ओळखत.

निशाला गोष्टी समजायला वेळ लागे. बोलणं थोडं, तेही तोडकं. डॉक्टरांनी कागदावर 'बौद्धिक दिव्यांगत्व' असं लांबलचक नाव लिहून दिलं होतं. आप्पांनी तो कागद नीट घडी करून कपाटात ठेवला होता, पण ते नाव त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "लाजरी हाय जरा."

निशा घराजवळच्या शाळेत दुसरीत होती. तिला शिकवायला आमरीन मॅडम म्हणून विशेष शिक्षिका आठवड्यातून तीन दिवस यायच्या. बटण लावणं, पाचपर्यंत मोजणं, बाथरूमला जायचं असलं की सांगणं, असं सगळं त्या चिकाटीनं करून घ्यायच्या. दरवर्षी जूनमध्ये निशासाठी वर्षभराचा आराखडा ठरे. तिला काय शिकवायचं, कुणी, आणि मॅडमनी किती दिवस यायचं, हे सगळं त्यात. दोन वर्षं तो शाळेनंच लिहिला आणि सहीला घरी पाठवला. यंदा मात्र आमरीन मॅडम हटून बसल्या. आईबापानं येऊन बोलल्याशिवाय आराखडा करायचाच नाही, म्हणाल्या. म्हणून घरी चिठ्ठी आली: सोमवारी अकरा वाजता मुलीसह यावे, केंद्रावरून साहेब येणार आहेत.

सर्जेरावाची त्या आठवड्यात दिवसपाळी होती. "मी जाते की," मोनिका म्हणाली.

आप्पांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मुलीसह या. पाहुणे येणार. प्रश्न विचारणार. आता हे वाचून आप्पांना दुसरं काय वाटणार?

"मी येतो संगं," ते म्हणाले. "साहेब लोकांसमोर कसं बोलायचं त्याला अनुभव लागतो."

हातात पाच दिवस होते. त्याहून कमी वेळात आप्पांनी मुली उजवलेल्या होत्या. सकाळ-संध्याकाळ निशाला समोर बसवून तालीम सुरू झाली. नाव काय? बापाचं नाव काय? शाळेत कोण शिकवतं? बोटं किती? हा रंग कोणता? बरोबर उत्तराला राजगिऱ्याच्या वडीचा तुकडा. निशाला वडी भयंकर आवडायची आणि आप्पा त्याहून. तिसऱ्या दिवशी पाचही उत्तरं तिच्या तोंडात बसली. पण आप्पा कसलेले होते. पाहुणे ऐनवेळी भलतंच विचारतात, हे त्यांनी एकसष्ट वेळा पाहिलं होतं. म्हणून त्यांनी तिला एक जादा गोष्ट शिकवली.

"दुसरं काही बी इचारलं ना निशा, तर गोड हसायचं अन् म्हणायचं, व्हय जी."

"व्हय जी," निशा म्हणाली आणि अशी हसली की आप्पांनी अख्खी वडी देऊन टाकली.

मोनिका दारातून बघत होती. "आप्पा, तिथं परीक्षा नाय हो," ती म्हणाली. "तिला काय येत नाय तेच सांगायला बोलावलंय."

"असं कुठं असतंय का? परक्या माणसांत घरच्या पोरीचं उणं काढायचं? तू गप बस, मी बघतो."

सोमवारी निशाला दोन वेण्या, नवा गणवेश आणि केसांत लाल रिबिनी लावून नेलं. मुख्याध्यापकांच्या खोलीत टेबलापलीकडे आमरीन मॅडम होत्या आणि शिक्षण खात्याच्या केंद्रावरचे ऋतुराज सर, तिशीतला हसतमुख माणूस, समोर छापील कागद घेऊन. निशानं पाच उत्तरं ठणठणीत दिली. सरांच्या भुवया वर गेल्या.

"शाळेत यायला आवडतं का?"

"व्हय जी."

"स्वतःच्या हातानं जेवतेस?"

"व्हय जी."

"बाथरूमला जायचं असलं की सांगतेस?"

"व्हय जी," आणि वर ते हसू. सर विरघळलेच.

पुढचे प्रश्न मोठ्यांसाठी होते आणि ते आप्पांनी एकट्यानं झेलले. कपडे स्वतः घालती. भाकर मोडून खाती. घर वळखती. अनोळखी माणसांचं काय? "अहो, भीती कसली? सगळ्यांसंगं हसून बोलती पोर!" सर कागदावर खुणा करत चालले होते.

"सर, ते बटणाचं—" मोनिकानं तोंड उघडलं.

"बटण तर लई बेस लावती," आप्पा म्हणाले.

आमरीन मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मोनिकाताई, तुम्ही सांगा ना. तुम्हाला काय वाटतं?"

घरात मोनिका सासऱ्याशी बिनधास्त वाद घालायची. वरणात तिखट किती यावरून दोघांचं रोज जुंपायचं. पण चारचौघांत त्यांना खोटं पाडायचं, तेही सरकारी माणसासमोर, हे तिच्यानं होईना. तिनं ओढणीचं टोक मुठीत आवळलं. "आप्पा सांगतात तसंच," ती म्हणाली.

ऋतुराज सर खूश झाले. एवढी प्रगती असेल तर तीन दिवसांची गरज नाही, म्हणाले. महिन्यातून दोनदा पुरे. दुसऱ्या एका शाळेत मुलांची यादी मोठी आहे, उरलेले दिवस मॅडमनी तिथं द्यावेत.

"सर, मी तिला वर्गात बघते. ती इतकं सगळं करत नाही हो," आमरीन मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, घरचेच सांगतायत ना. शनिवारी सह्या घेऊन टाकू."

आप्पांनी येतानाच पेढे घेतले आणि गल्लीत वाटले. पोरगी पास झाली, आता तिला वेगळ्या मास्तरणीची गरज नाय, साहेबच म्हणाले, असं ते दारोदार सांगत सुटले. मोनिकानं पेढा खाल्ला नाही. "साहेब नाय म्हणले, आप्पा," ती ताट वाढताना म्हणाली, "तुम्ही म्हणलात." त्या रात्री आप्पा सुनेशी बोलले नाहीत, आणि वरणाला नावंही ठेवली नाहीत, यावरून काय ते समजावं.

गुरुवारी दुपारी चारच्या सुमारास निशा शाळेतून येऊन अजून गणवेशातच फाटकाशी उभी होती. आप्पा तिच्याजवळ खुर्ची टाकून बसले होते. आत फोन वाजला. बिडकीनच्या कुणाचा तरी होता. आप्पा जेमतेम पाच मिनिटं बोलले असतील. बाहेर आले तर खुर्ची होती, फाटक उघडं होतं आणि निशा नव्हती.

गल्लीत नव्हती. दुकानापाशी नव्हती. मोनिका मशीनवरून उठली ती तशीच धावत सुटली. सर्जेरावाला फोन गेला, तो कंपनीतून निघाला. आप्पा अनवाणीच जालना रोडपर्यंत गेले. एवढ्या ट्रका, एवढ्या बसा, आणि त्यात एक लाल रिबीन शोधायची. मोटारसायकलवाल्यांना थांबवून ते विचारत होते आणि मनात एकच घोकत होते, देवा, कुणी तिला काही विचारू नये. कारण कुणी काही विचारलं तर ती काय उत्तर देणार हे जगात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

दीड तासानं मोनिकाचा फोन वाजला. शाळेच्या पहारेकऱ्यानं आमरीन मॅडमना कळवलं होतं आणि मॅडमनी घरी. निशा शाळेच्या फाटकावर आहे.

ती खरंच तिथं होती. एका भंगारवाल्याच्या हातगाडीवर, रद्दीच्या गठ्ठ्यांवर मांडी घालून, राणीसारखी. मोनिकानं तिला उचललं आणि रडायलाच लागली. भंगारवाला सांडू घामाघूम झाला होता आणि जो येईल त्याला हकिगत सांगत होता.

"काका, पोर एकटीच रस्त्यानं चालली व्हती. म्या म्हणलं, हरवली का गं? व्हय जी, म्हणली. घर संजयनगरला का? व्हय जी. नेली संजयनगरला. हे घर का? व्हय जी. बाई भायेर आली, म्हणली आमची नाय. मंग फुडलं का? व्हय जी. चौदा घरं फिरलो, काका! दर घराला व्हय जी, अन् हसती बी किती गोड. शेवटाला मलाच शंका आली. म्हणलं, बाळा, मी तुझा बाप हाय का? तर म्हणली, व्हय जी. मंग गणवेश बघून शाळेत आणली."

जमलेली माणसं हसली. आप्पांना हसू आलं नाही. ते शाळेच्या पायरीवर बसले. सांडू देवमाणूस होता म्हणून चौदा दारं फिरला. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर एकच प्रश्न विचारला असता, आणि पोर हसत हसत गेली असती. हे हसू त्यांनीच वड्या देऊन शिकवलं होतं.

तेवढ्यात आमरीन मॅडम स्कूटीवरून आल्या. आप्पा उठले आणि त्यांनी मॅडमना चक्क हात जोडले. "मॅडम, तो कागद मोडा. परत बसू. माझं चुकलं."

"मोडायला माझ्या हातात नाही, आप्पा," मॅडम म्हणाल्या. "पण आईबापाला बदल मागता येतो, लेखी. शनिवारच्या आत द्यावं लागेल. आणि यावेळी…" त्या अडखळल्या.

"यावेळी मी त्वांड उघडणार नाय," आप्पांनी वाक्य पुरं केलं.

मोनिकानं तिथंच रस्त्यावर, स्कूटीच्या सीटवर कागद ठेवून अर्ज लिहिला. वाटेनं शोधत आलेला सर्जेराव पोचला तोवर लिहून झाला होता. त्यानं आधी लेकीला छातीशी धरलं, मग सही केली.

शनिवारी तीच खोली, तेच टेबल. सर्जेराव पाळी बदलून आला होता. ऋतुराज सरांनी अर्ज वाचून आप्पांकडे पाहिलं. आप्पा उभे राहिले.

"साहेब, सोमवारी मी जे बोललो ते खरं नव्हतं. पोरगी दाखवायला आणल्यावाणी बोललो मी. खरं म्हंजी ती काय करती अन् काय नाय, हे मला पुरतं ठावं बी नाय. ही सांगंल." त्यांनी सुनेकडे बोट केलं. "अन् ही बोलताना मी मधी बोललो तर मला खुशाल भायेर काढा."

मोनिकानं पाण्याचा घोट घेतला. पहिली दोन वाक्यं खाली बघून बोलली, मग वर बघून.

"वरचं बटण लावती, खालची लागत नायत. भाकर मोडता येत नाय, चुरून द्यावी लागती. बाथरूमचं सांगत नाय, डावा पाय हलवती, तेव्हा आपण ओळखायचं. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी एकदा वर्गात कुणी ओळखलं नाय, मग दिवसभर ओल्या कपड्यात बसली. घरी आल्यावर मी आंघोळ घातली, कुणाला सांगितलं नाय. गॅसच्या जाळाला हात लावायला जाती. घर वळखत नाय. फाटक निळं असलं की तिला आपलंच वाटतं."

आप्पांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. प्रत्येक 'नाय' त्यांना काट्यासारखा लागत होता. डावा पाय! एकाच घरात राहून त्यांनी तो पाय हलताना शेकडो वेळा पाहिला होता आणि पोर नाचती म्हणून टाळ्या वाजवल्या होत्या.

"पण सर," मोनिका म्हणत होती, "गाणं एकदा ऐकलं की तिच्या ध्यानात राहतं. गल्लीतल्या सगळ्या गाड्यांचे आवाज ओळखती. हिचे पप्पा वळणावर आले की दार उघडून उभी राहती. दुसऱ्या कुणाच्या गाडीला नाय उठत. कुणी रडलं की जवळ जाऊन बसती, बोलत नाय, नुसती बसती. हे बी लिवा."

सर लिहीत होते. आप्पांना वाटत आलं होतं की ही बाई भर सभेत लेकीचं उणं काढणार. पण हे उणं काढणं नव्हतंच. लेकराला इतकं बारकाईनं पाहिलेलं माणूस त्यांना उभ्या आयुष्यात भेटलं नव्हतं, आणि ते त्यांच्याच स्वयंपाकघरात होतं. त्यांना सुनेचा फार अभिमान वाटला, आणि स्वतःची लाजही वाटली.

"मॅडमचे तीन दिवस राहतील," ऋतुराज सर म्हणाले. "दुसऱ्या शाळेचं मी वेगळं बघतो. बरं, या वर्षी काय शिकवावं असं वाटतं तुम्हाला? अक्षरं? वीसपर्यंत अंक?"

"अक्षरं मागून," मोनिका म्हणाली. "तिला आधी नाय म्हणता आलं पायजे. नको असलं तर नको. म्हायती नसलं तर म्हायती नाय. कुणी हात धरला तर वरडता आलं पायजे. मी काय जन्मभर संगं राहणार हाये का, सर?"

कोपऱ्यात बसलेल्या मुख्याध्यापकांनी घसा साफ केला. मुलांनी मोठ्यांचं ऐकावं म्हणून ते तीस वर्षं झटत होते. आमरीन मॅडम मात्र पटकन म्हणाल्या, "सर, हेच पहिलं लिहा." सरांनी ते पहिलं लिहिलं.

"आणि घरी सराव कोण घेणार? इथं एक नाव टाकावं लागतं."

सगळ्यांनी मोनिकाकडे पाहिलं. मोनिकानं सासऱ्याकडे पाहिलं. "आप्पा," ती म्हणाली. "त्यांच्यावाणी शिकवणारं कुणी नाय, सर. पाच दिवसांत सगळं त्वांडपाठ करून घेतलं त्यांनी."

चारचौघांत सुनेनं मारलेला हा पहिला टोला. आप्पांना तो इतका आवडला की आपलं नाव त्यांनी त्या रकान्यात स्वतःच्या हातानं लिहिलं.

आमरीन मॅडमनी रीत शिकवली. तिला नावडती वस्तू पुढं करायची, हवी का विचारायचं, तिनं तोंड फिरवलं की आपण म्हणायचं, 'नाय', आणि वस्तू लगेच बाजूला घ्यायची. आग्रह करायचा नाही. ऐकायला सोपं होतं. पण आप्पांचा पिंडच आग्रहाचा. पाहुण्याला चौथी पुरणपोळी वाढल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही, त्यांनी वाटी मागं घ्यायची म्हणजे काय! आषाढ गेला. "निशा, कारलं खाती?" "व्हय जी," म्हणून पोर डोळ्यांत पाणी आणून कारलं खायची आणि आप्पा वाटी बाजूला ठेवायचे. "निशा, मी तुझी आजी हाय का?" "व्हय जी." आप्पा रोज आपली चूक आपल्याच कानांनी ऐकत होते, आणि तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटी घेऊन बसत होते. श्रावणात ती तोंड फिरवायला लागली. शब्द मात्र येईना.

गणपती बसले त्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी आप्पा फिरून आले आणि ओट्यावर टेकले. निशा बाटल्यांची बुचं एका रांगेत लावत बसली होती. रोज फिरून आलं की नातीचा पापा घ्यायचा, मगच चहा, असा त्यांचा नेम होता.

"ये गं, आप्पाला पापा दे."

निशानं मान वर केली नाही. एक पिवळं बूच रांगेत सरळ केलं.

"नाय," ती म्हणाली.

आप्पांना आधी वाटलं, शेजारचं कुणी बोललं. मग ते वाकले आणि त्यांचा हात सवयीनं तिच्या खांद्याकडे गेला. असं काय करती, आप्पाला नाय म्हणायचं व्हय? हे वाक्य अगदी ओठांवर आलं. निशानं त्यांचा हात बाजूला सारला, रागानं नाही, माशी वारावी तसा, आणि स्पष्ट म्हणाली, "नाय. नको."

आप्पांना वाईट वाटलं. वाटायचंच. एवढ्या लाडाच्या नातीनं पहिला नकार दिला तो नेमका त्यांना. त्यांनी हात मागं घेतला, आणि त्यांचे डोळे भरून आले ते काही केल्या थांबेनात. ते उठून आत गेले. मोनिका भाकरी थापत होती.

"ती नाय म्हणली," आप्पा म्हणाले.

"कशाला?"

"मला. पापा मागितला तर नाय म्हणली. नको बी म्हणली."

मोनिकाचे हात परातीतच थांबले. सासऱ्याच्या तोंडाकडे बघून तिला हसावं की रडावं कळेना. "मग? तुम्ही परत मागितला का?"

"छे," आप्पा डोळे पुसत म्हणाले. "नाय म्हणली ना पोरगी."